अंबडचा शिकारी

आईस ललितचा नमस्कार,

नामिबियात मी बरा आहे. थंडी आहे, पण तू विणलेला स्वेटर पुरतो. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या शिकारीच्या लॉजवर मी बुकिंग बघतो, तर काल चक्क आपल्या अंबडच्या एका कारखानदाराचा फोन आला. दोन दिवस शिकार करणार, मग तीन दिवस बायकापोरांना वाळवंट दाखवणार. हरीण मारायचंय, पण सोमवारी नको, उपास असतो. मांस घरात कुणी खात नाही, ते तुम्हीच वाटून टाका म्हणे. शिंगं तेवढी हॉलमध्ये लावायचीत. वर लॉजवर स्वयंपाकाची भांडीही वेगळी पाहिजेत.

मी म्हटलं, साहेब, गाडीतून उतरून तासभर चालावं लागेल. तर हा वीर विचारतो, "तिथं जनावरं असतील ना? गाडीतूनच नाही का जमणार?"

धाकटी छाया सांगत होती, आपल्या उसात पुन्हा बिबट्या दिसला, तरी तू पहाटे थाळी वाजवत पाणी भरायला जातेस.

त्या शूराला मी बंदुकीसकट तीन माणसं सोबत देतोय. तुझ्यासोबत कोण असतं, तेवढं कळव.

तुझा,
ललित