ताट घरी ठेवून

प्रिय सेवास्ती,

आज सकाळी धर्मगुरूंनी बंदराच्या पाण्यात क्रूस टाकला आणि तुझा लेक साकेलारिस तो मुठीत उंचावून वर आला, हे तू गच्चीवरून पाहिलंच असशील. नाक तुमच्या घराण्याचं, पण बुडी मात्र आम्हा पाणबुड्यांची. कुठून उचलली कोण जाणे.

ज्याला क्रूस मिळाला त्यानं तो ताटात घेऊन घरोघर फिरायचं, लोकांनी क्रूसाला ओठ लावायचे, ताटात काही पैसे टाकायचे. मला मिळाला त्या वर्षी मी तुमच्याकडे मुद्दाम शेवटी आलो. केस ओले, अंगात बाबांचा कोट. तुझे वडील दारातच म्हणाले, "क्रूस आत येऊ दे. पाणबुड्याचं पोर बाहेरच बरं, गालिचा भिजेल." मोलकरणीनं ताट आत नेलं. तू ओठ लावलेस ते मी खिडकीतून पाहिलं. ईस्टरनंतर तुझं लग्न स्पंजाच्या गोदामवाल्याशी झालं, आणि मी समुद्राच्या तळाशी जाऊन स्पंज काढायचं सोडून होड्या बांधू लागलो. आज आपल्या कालिम्नोस बेटावर माझ्या हातची नाव नाही असा धक्का दाखव.

पुढे स्पंजांवर रोग आला, तुमची गोदामं ओस पडली, नवराही गेला. तू मान खाली घातली नाहीस. बाजारातून तू चाललीस की लोक अजून वाट देतात. मला ते पाहून अभिमान वाटतो. का, ते विचारू नकोस.

तुझा साकेलारिस आणि माझी लेक मारूका यांचं सगळ्या बंदराला ठाऊक आहे. आज तिनं गुलाबपाणी काढून ठेवलं होतं. साकेलारिस गल्लीतल्या प्रत्येक दारी थांबला आणि माझ्या दारावरून खाली बघत पुढे गेला. समोरची शेजारीण गच्चीवरून ओरडली, "थेमेलिस, त्याला तुझं दार दिसलं नाही वाटतं? जरा मोठं बांधायचं होतंस." मी हसलो, पण मारूका अनवाणी पायऱ्या उतरून त्याच्या वाटेत उभी राहिली. भर गल्लीत तिनं क्रूसाला ओठ लावले आणि म्हणाली, "आता जा." तो कानापर्यंत लाल झाला. पोरगी माझी शोभते.

मग कॉफीच्या दुकानात कानावर आलं. तू त्याला बजावलंस म्हणे, पैसेवाल्याच्या दारी माझा मुलगा ताट घेऊन उभा राहणार नाही. आणि उद्याच्या बोटीनं तू त्याला पिरेअसला धाडते आहेस, मारूकापासून लांब.

मला राग आला नाही. तुझ्या जागी मीही हेच म्हटलं असतं, फक्त जरा मोठ्यानं. म्हणून तर लिहायला बसलो. ऊन अजून डोंगरावर आहे, आणि अंधार पडेपर्यंत क्रूस फिरतो. ताट घरी ठेव. साकेलारिसनं क्रूस हातात आणावा, आणि त्याच्यासोबत तू ये. मागणी मी घालतो आहे, मुलीचा बाप. माझ्याकडे आधी बुडी मारणारा आत येईल, मग क्रूस. धर्मगुरूंची समजूत मी काढीन. गालिचा गुंडाळून ठेवला आहे.

तेव्हाही तुझाच,
थेमेलिस