आखाजीला थांबणारं मशीन

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव.

डाळमिलचं चाळणी मशीन दर उन्हाळ्यात एक दिवस बंद पडतं. तारीख दरवर्षी वेगळी, म्हणून ऑफिसातले सगळे उन्हाला दोष देतात. नव्या शेठजींनी मला प्रोग्राम तपासायला बोलावलं, म्हणाले, "ताई, हा बिघाड काढाच." पण प्रोग्राम लिहिणारे नाना वारले आणि मूळ कोड कुठेच नाही.

आज माझ्या एडिटरला डीकंपायलर जोडला, तयार फाइलमधून वाचता येणारा कोड परत काढणारा. नानांच्या फाइलवर एक कळ दाबली आणि बाजूला कोड उघडला! त्यात चक्क चंद्राचं गणित. कशाला? खाली नाव होतं: आखाजी. म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात लेकींनी माहेरी जायचा सण. वैशाखातली ती तृतीया आली की मशीन बंद.

धान्य निवडणाऱ्या चंद्राक्कांना फोन केला. त्या हसल्या. "जुना शेठ सुट्टी दे नही. मंग आखाजीले मशीनबी माहेर जास. आम्ही बठ्ठ्या बायासले माहीत शे."

बायकांच्या एका दिवसासाठी नानांनी चंद्र मोजला? ते गणित पुन्हा वाचलं. एक ओळ पुसली की संपलं. नाही पुसणार. शेठजींना कळवलं: बिघाड नाही, सुट्टी आहे, काढायची तर दुसरा माणूस बघा.

मग माहेरी, शिंदखेड्याला आईला फोन लावला. तीन वर्षं गेले नव्हते. म्हणाले, आखाजीला येते.