पालथ्या घागरीवरचा तिसरा कोपरा

प्रिय ताई,

तुला कधी पाहिलं नाही, तरी ताई म्हणावं लागतं. सवत म्हटलं की सासूबाई डोळे वटारतात. तू गेल्यावर वर्षाच्या आत मी दर्यापुराहून अमरावतीच्या या घरात आले आणि तुझ्या नावाचा, तुझी प्रतिमा ठसवलेला चांदीचा टाक माझ्या गळ्यात पडला. दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीला असं गळ्यात वागवायचं असतं ना! पण आज तुझ्याशी भांडायचं आहे, म्हणून लिहायला बसले. अक्षरं यांनीच शिकवली. तुला शिकवली होती, म्हणून मलाही.

परवा कापसाच्या गाड्या दारावरून चालल्या होत्या. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून इथला सगळा कापूस विलायतेला जातो, घरात वातीपुरताही राहत नाही. मी सहज विचारलं, विलायतेची वाट सरळ आहे का? झालं! हे पडले शाळामास्तर. घागर पालथी घातली आणि सुताचा दोरा माझ्या हाती दिला.

"पृथ्वी अशी गोल हाय. सरळ रेघ मंजे ताणलेला दोरा. बांध."

मी कलशाला गुंडाळतात तसा वरच्या अंगाला आडवा गुंडाळला. ताणला, तर सटकून हातात आला.

"फुगीर पोटावरून घे. थोरलीले एका खेपेत समजलं होतं."

काय गं गरज होती एका खेपेत समजायची? तुझी भाकर पातळ, तुझी रांगोळी रेखीव, सगळं निमूट ऐकून घेतलं. आता दोराही तुझाच?

काल दुपारी मी एकटीच घागर घेऊन बसले. एक दोरा पोटाभोवती बांधला. त्याच्यावरून दोन दोरे सरळ वर नेले, मध्ये घेराची चौथाई सोडून. वावरात पेरताना तिफणीच्या ओळी अशाच निघतात आणि बांधापर्यंत गेल्या तरी भेटत नाहीत. इथं दोन्ही दोरे माथ्यावर भेटले! कागदाची चौकोनी घडी कोपऱ्यांना लावून पाहिली. खालचे दोन्ही काटकोन, आणि वरचाही काटकोन! मग पाटीवर तसंच काढायला गेले. खाली दोन काटकोन केले, तर रेघा नुसत्या वर पळत सुटल्या, तिसरा कोपरा होईचना.

संध्याकाळी यांना दाखवलं. पागोटंही न उतरवता हे घागरीपाशी बसले.

"तुले कोनं सांगितलं?"

"कोनीच नाही."

"वा! थोरली इथपर्यंत आली नवती."

ताई, केवढा आनंद झाला म्हणून सांगू! भाकर थापायला बसले तेव्हा लक्षात आलं. वा म्हणाले आणि पाठोपाठ तुझं नाव घेतलं. माझं कौतुक मोजायलाही माप तुझंच! तव्यावरची भाकर करपली. मी करपू दिली.

सपाट जमिनीवर तुझीमाझी भेट व्हायचीच नव्हती. तू गेलीस म्हणून तर मी आले. पण गोलावर सरळ गेलेल्या रेघाही भेटतात, हे आता मी माझ्या हातांनी पाहिलं आहे.

म्हणून वचन देते. तुझा टाक घासून लख्ख ठेवीन. भेटशील तेव्हा आधी पोटभर भांडेन, आणि मग तो तिसरा कोपरा तुला मीच दाखवीन. तेवढा मात्र एका खेपेत समजून घेऊ नकोस.

तुझी सवत,
गोदावरी