माझ्या दुखण्याचा निर्णय मुलीकडे

मी, सुतारकामावर संसार केलेला, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र आणि हयातीतल्या उपचारांविषयीची इच्छा स्वखुशीने, कोणाचंही दडपण नसताना स्वतःच्या हाताने लिहितो. कॅन्सर फुप्फुसातून मणक्यात उतरला आहे. दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी घेतो. उद्या कोणी म्हणेल, म्हातारा गुंगीत होता. उलट, गोळी सुरू होण्याआधी कळा इतक्या होत्या की मुलीला हाक मारायला नाव सुचत नव्हतं. आता डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे.

१. राहतं घर सामानासकट मुलीला. नोकरी सोडून तिने माझं सगळं केलं.

२. करवती, रंधे, पटाशा मुलाला. त्याला खिळा सरळ ठोकता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी विकू नये.

३. माझ्या उपचारांबाबत शेवटचा शब्द मुलीचा. मुलगा परवा फोनवर म्हणाला, "बाबा, ते घेऊ नका, सवय लागते." त्याच्यावर राग नाही. हे वाक्य तो माझ्याकडूनच शिकला.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या आईचा कॅन्सर हाडांत गेला, तेव्हा हेच औषध लिहून दिलं होतं. चिठ्ठी मी खिशात घातली. "नशेची वस्तू घरात नको, सवय लागते," म्हणालो. मुलगी रडून सांगत होती, मी ऐकलं नाही. सतरा दिवस बायको तोंडात टॉवेल धरून पडून होती. एकदा टॉवेल काढून म्हणाली, "अहो, जन्मभर खिळे ठोकलेत. एक माझ्या कपाळात ठोका." मी उठून बाहेर गेलो.

स्वतः पहिली गोळी घेतली, पाऊण तासात पाठ सैल पडली, आणि मी तिला काय नाकारलं ते कळलं. याची वाटणी नाही. हे माझ्याबरोबर जाईल.

४. गिळता येईनासं झालं तर कातडीखाली मॉर्फिनची सुई लावावी. शुद्ध गेली तरी डोस बंद करू नये. दुखायची वाट बघू नये. या गोळीने शौचाला खडा होतो, म्हणून पोट साफ होण्याचं औषध चुकवू नये. ती फजिती एकदा भोगली आहे. मी गेल्यावर उरलेल्या गोळ्या घरी येणाऱ्या नर्सताईंनी इस्पितळात जमा कराव्यात.

इथवर लिहून सही करणार, तोच कळ आली. मुलगी म्हणाली, "बाबा, आधी गोळी. सही कुठे पळून जात नाही." तासभर थांबून आता सही करतो.

(सही)

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
तारीख: ९ फेब्रुवारी, सकाळ

साक्षीदार:
१. उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही)
२. घरी येणाऱ्या नर्सताई (सही)

आम्हां दोघींच्या समक्ष त्यांनी सही केली. हात कापत नव्हता.