चौथं कुलूप

३ मार्च

कारखान्यातला कूलर पुन्हा रडतोय. सकाळी त्यातून बाहेर पडणारा खताचा दाणा मुठीत घेतला आणि तसाच टाकून दिला, इतका गरम. असा दाणा पोत्यात भरला की गोदामात पोत्याचा दगड होतो. मग गिऱ्हाईक शिव्या घालतं, आणि त्या शिव्या वरून खाली येत येत आमच्या कंट्रोल रूममध्ये मुक्कामाला येतात.

हवा दमट आहे. कूलरच्या फिरत्या ड्रमच्या आत खताचे थर चढले असणार. आतली पाती दाणा वर उचलून सोडतात, पडता पडता त्याला वारा लागतो आणि तो निवतो. पाती थरात गाडली गेली की दाणा नुसता तळाशी लोळत पुढे जातो. आठवडाभर घसा कोरडा करतेय — बंद करा, आत उतरून साफ करा. शिफ्ट इन्चार्जला आम्ही त्याच्या मागे ‘घाई’ म्हणतो. घाई म्हणाला, अजून थोडे दिवस ओढू.

दुपारी वायरलेस सेटवर नवऱ्याचा आवाज आला. “कंट्रोल, पंखा बंद करा.”

करा! लग्नाला नऊ वर्षं झाली आणि आता मला अहो-जाहो. पंखा बंद केला.

४ मार्च

तो घर सोडून गेला त्याला हिवाळा उलटला. मित्राच्या खोलीवर राहतो. घर आईंचं, म्हणजे सासूबाईंचं. दोन खोल्या आणि मागे मोरी. गेला तो, आणि राहिले मी. लोकांना हे उलटंच वाटतं. मलाही कधीकधी वाटतं.

भांडण कशावरून झालं हे कुणाला सांगितलं तर हसतील. मला कंट्रोल रूममध्ये घेतलं, तो फिटरच राहिला. त्यानंतर मशीन चालू-बंद मी करायची, आणि तोही माझ्या शब्दावर थांबायचा. एकदा जेवताना म्हणाला, “घरातही तूच बोलायचं आणि कामावरही तूच?” मी म्हटलं, मग तू बोल की. तो बोलला नाही. ताटावरून उठला तो उठलाच.

आई मला दोष देतात. तोंडावर देतात, एवढं बरं. आज भाजी निवडताना म्हणाल्या, “माझा मुलगा हट्टी आहे, मान्य. पण तू एकदा जाऊन बोलावलंस तर तुझं काय झिजणार आहे?”

मी शेंगा मोडत बसले.

७ मार्च

शेवटी वरून हुकूम आला. उद्या कूलर बंद, आत उतरून थर फोडायचे. चौघं जाणार, त्यात तो आहे.

८ मार्च

तो जिवंत आहे. आज एवढंच.

९ मार्च

नीट लिहून काढते, नाहीतर डोक्यात नुसतं फिरत राहील.

सकाळी चौघांना सेट मीच दिले. एकेक लावून पाहिला. त्याला विचारलं, ऐकू येतंय? तो म्हणाला, येतंय. मग चौघांनी स्विचच्या पेटीला आपापलं कुलूप लावलं आणि किल्ल्या खिशात टाकल्या. नियमच आहे. आत गेलेल्या प्रत्येकाचं कुलूप निघेपर्यंत ड्रमला वीज मिळत नाही.

दुपारपर्यंत ठोकाठोक ऐकू येत होती. मग तिघं बाहेर आले, घामाने निथळत. कुलपं काढली. चौथं तिथंच लटकत होतं.

त्या तिघांतल्या वेल्डरला सगळे पैलवान म्हणतात. तो म्हणाला, फिटर पलीकडच्या टोकाला काम करत होता, तिकडच्याच झडपेतून बाहेर पडला असेल. घाईला तेवढं पुरलं. “नेहमीसारखा रुसून गेला असेल कुठंतरी. कुलूप विसरला. कापा ते.” कटर मागवलासुद्धा.

मी सेटवरून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, माझा आवाज आहे म्हणून बोलत नसेल. पैलवानाला सेट दिला, म्हटलं तू हाक मार. त्यालाही उत्तर नाही. 

घाईला सांगितलं, कुलूप कापलंत तरी मी चालू करणार नाही. तो सगळ्यांदेखत म्हणाला, “बाई, घरची भांडणं घरी ठेवा. इथं माल अडलाय.”

 मी खुर्चीतून उठले, ड्रम चालू करायच्या बटणाची किल्ली काढून मुठीत धरली आणि बॅटरी घेऊन खाली गेले. पैलवान मागोमाग आला. त्यानं पेटीला आपलं कुलूप पुन्हा लावलं, मीही माझं लावलं, आणि आम्ही आत शिरलो.

आत भट्टीसारखं. डोळे चुरचुरत होते. फुटलेल्या थरांची ढेकळं पायाखाली घरंगळत होती. पार पलीकडच्या टोकाला, पात्यांच्या आड, तो कुशीवर पडला होता. तोंड राखेसारखं. डोक्याला खोक. सेट त्याच्याखाली चिरडला होता.

पैलवानानं त्याला खांद्यावर घेतलं. मी पाय धरले. बाहेर आणल्यावर घाई तिथंच उभा होता. हातात कटर. 

१० मार्च

डॉक्टर म्हणाले, उष्णता आणि कोंडलेली हवा. अजून थोडा वेळ गेला असता तर हाती काही लागलं नसतं. ड्रम फिरला असता तर काय, हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे.

१२ मार्च

कारखान्यात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. डबा खाताना एकीनं डोळे पुसत म्हटलं, शेवटी बायकोचाच जीव तुटतो. तिला काय सांगू? पैलवान आत असता तरी मी बटण दाबलं नसतं. पण हे म्हणायची सोय नाही. माणसांना हवी असते ती गोष्ट ती आपल्या मनानं रचून घेतात.

तरी एक खरं. दवाखान्यात त्याचा हात हातात घेतला तेव्हा सोडवेना.

१६ मार्च

घरी आला. आईंच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलंय. पेज काय, गरम पाणी काय. मला म्हणाल्या, “तू बस गं जरा.” एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यानं मला ‘तू’ म्हटलं. “तू जेवलीस?” बस, इतकंच. मी मोरीत जाऊन उगाच भांडी घासत राहिले.

१८ मार्च

आज तिघं एकत्र जेवलो. तो पैलवानाची नक्कल करत होता, आई हसता हसता ठसकल्या. मनात आलं, होईल सगळं नीट.

२० मार्च

मेमो आला. माझ्या नावानं. चौकशीत नवऱ्यानं जबाब दिलाय की चक्कर येताच त्यानं हाक मारायचा प्रयत्न केला, पण सेट बंद होता. म्हणजे मी न तपासता बंद सेट दिला. घाईला हेच हवं होतं. कटरबद्दल आता कुणी विचारत नाही.

सेटचा चुरा झालाय. तो चालू होता हे दोघांनाच माहीत. मला आणि त्याला.

घरी आले. त्याला औषध दिलं, अंथरूण घातलं.

२१ मार्च

आज विचारलं. आई ओट्यावर भांडी लावत होत्या, तरी विचारलं. सेट खरंच बंद होता का?

त्यानं पांघरुणाचा काठ चिमटीत धरला. मग म्हणाला, “चालू होता.”

मी त्याच्यासमोर खाली बसले.

“चक्कर यायला लागली होती. सेट हातातच होता. बटणावर अंगठा होता. पण पलीकडे तू असणार. मला बाहेर काढा, असं तुला म्हणायचं... ते जमेना. वाटलं, बसतो थोडा, होईल बरं. मग पुढचं आठवत नाही.”

ओट्यावरचा आवाज थांबला होता.

मला राग यायला हवा होता. आला नाही. अंगातलं काहीतरी निवत गेलं, बस. तो मरायला तयार होता. मला हाक मारायला नव्हता.

२२ मार्च

आई दिवसभर बोलल्या नाहीत. ना त्याच्याशी, ना माझ्याशी.

२४ मार्च

तो आपणहून चौकशीला गेला. काठी टेकत. साहेबांसमोर, घाईसमोर, सगळ्यांसमोर सांगितलं की सेट चालू होता, मी खोटं बोललो. का हाक मारली नाही, तेही सांगितलं. पैलवान म्हणत होता, सांगताना त्याची मान वर होत नव्हती. माझा मेमो मागे घेतला. कटरचा विषय निघाला, घाईला घरी बसवलंय.

संध्याकाळी म्हणाला, चुकलो. मनापासून म्हणाला. मी म्हटलं, माझ्या मनात काही नाही. तेही मनापासूनच. कठीण काम केलं त्यानं, आणि त्याची किंमत मला कळते.

पण रात्रभर माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला घरात कधी चक्कर आली, तर तो हाक मारेल का? हे मला कधीच खात्रीनं सांगता येणार नाही. आणि असं कान देऊन जगायचं मला जमणार नाही.

२६ मार्च

कारखान्याच्या फाटकाजवळ एक खोली पाहिली. खिडकी आहे. पाणी सकाळचं येतं.

त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली, अडवलं नाही. आईंना सांगायला मात्र जीभ रेटेना. लेक घरी आला म्हणून त्यांचं घर आत्ता कुठं भरलंय. शेवटी सांगितलं, पहिल्या तारखेला जाते.

त्यांनी हात पदराला पुसले. त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“त्या खोलीत माझी खाट मावेल का?”