आवाजावरची पैज

प्रिय छकुली,

एका चॉकलेटची ती पैज मला तुझ्या विद्यापीठातल्या दोन वर्षांना पडली. बॉनेट उघडण्याआधी नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखायचा आणि हरेल त्यानं चॉकलेट द्यायचं, हा खेळ गॅरेजमध्ये मीच तुला सातव्या वर्षी शिकवला. तू जिंकलीस की गिऱ्हाइकांना म्हणायचो, "लेक कुणाची आहे! आमच्या कानांना कुणी फसवून दाखवावं."

आता तू दिवसभर मोबाइलवर पैजा लावतेस, परीक्षेलाही बसली नाहीस, असं तुझी मैत्रीण काल रडत सांगून गेली. तुला रागवायला लिहायला घेतलं, पण ही चटक लावली मीच. हे पत्र टाकायचा धीर होत नाही.

गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, "पेपर मस्त गेला, बाबा." त्यावर मी अख्ख्या गॅरेजला चहा पाजला.

तुझा,
बाबा