गाद्या विकून जळण

१२ नोव्हेंबर १८६४, अमरावती
आजपासून घरात इकॉनॉमी. कचेरीत साहेबांच्या तोंडी सारखा हाच शब्द असतो. मनू, माझी एकुलती मुलगी, पुढच्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला अकोल्याहून येणार. तिची आई गेल्या पौषात गेली. घरात बाईमाणूस नाही म्हणून तिच्या सासूबाई, दुर्गाबाई, सोबत येऊन आधी घर पाहणार, मगच मुलीला इथे ठेवणार. खुशाल पाहोत. बाळंतिणीला रात्रंदिवस शेगडी लागेल, तेव्हा जळण आतापासून वाचवायचं. माझं अंघोळीचं पाणी तापवणं बंद. दिवा जेवणापुरता. मला थंडी वाजत नाही.

१५ नोव्हेंबर
गार पाण्याची अंघोळ उत्तम. शिंका येतात, पण त्या उत्साहाच्या.
स्वयंपाकाला येणाऱ्या मैनाबाईला बजावलं, वरण आणि भाकरी एकाच जाळात व्हायला हवीत. म्हणाली, "एका जाळात फक्त मढं होते भाऊ, सयपाक नाई होत." अशिक्षित.

१९ नोव्हेंबर, सकाळी
सुचलं! अमेरिकेत लढाई आणि आमच्या बाजारात कापसाला चांदीचा भाव. मी रोज निजतो कशावर? कापसावर! चांदीवर निजणाऱ्या माणसाने लाकडांची काळजी करावी हे हास्यास्पद आहे. गाद्या उसवून कापूस विकायचा, आलेल्या पैशात जळण भरायचं. लढाई संपली की स्वस्त कापूस घेऊन गाद्या पुन्हा भरायच्या. हे बाजारात कोणालाच कसं सुचलं नाही?

२३ नोव्हेंबर
नियाज पिंजारी येऊन गेला. सगळ्यांनाच सुचलं आहे. म्हणाला, "सारा गाव गाद्या उसवून राह्यला भाऊसाहेब. भरायले कोनी बलावतच नाई."
हिची, मनूच्या आईची, रजई तेवढी ठेवली. भावनेचा प्रश्न नाही. कापूस जुना, भाव कमी येईल.
धुतलेल्या खोळी दोरीवर वाळत घातल्या. संध्याकाळी वाऱ्याने फुगल्या. एक तर कुशीवर वळल्यासारखी दिसत होती. वारा होता. मग वारा पडला, तरी ती तशीच. मैनाबाईला काढायला सांगितली.

३० नोव्हेंबर
पैसे आहेत, लाकूड नाही. चिखलदऱ्याकडून लाकूड आणणाऱ्या सगळ्या गाड्या कापूस वाहतात. गोवऱ्याही नाहीत, कारण बैल रस्त्यावर आणि म्हणून शेणही रस्त्यावर. कपाशीच्या पऱ्हाट्या जाळाव्यात, तर त्या अजून शेतात बोंडं घेऊन उभ्या. घाबरण्याचं कारण नाही.

२ डिसेंबर
प्रकृतीसाठी बडनेऱ्याच्या रस्त्याने फिरायला सुरुवात. हातात टोपली होती, सहज. नेमके आमच्या कचेरीतले शिरस्तेदार छकड्यातून चालले होते. ओरडून विचारलं, "हवा खाता का शेण येचता?" हवा, असं सांगितलं. शेण ओलंच निघालं.

८ डिसेंबर
बाजेवर खोळ अंथरून निजतो. सुतळी पाठीला हितकारक आहे. थंडी वाजत नाही. फक्त डाव्या बाजूने येते, जिथे ही निजायची. खिडकीची फट असणार. खिडकी उजवीकडे आहे. डावीकडे भिंत. सुताराला दाखवायला हवं.
एक गाडीवान लाकूड आणून द्यायला कबूल झाला, पण गाद्यांचे सगळे पैसे देऊनही पुरेनात. म्हणजे रजईही द्यावी लागणार.

११ डिसेंबर
नियाजने रजई उसवली. धनुकलीची तार वाजायला लागली आणि मध्येच थांबली. म्हणाला, "भाऊसाहेब, याच्यात बाईचे केस हायेत. लांब लांब. काय करू?" म्हटलं, पिंज. पण त्याने पिंजलं नाही. एकेक केस वेचून पळसाच्या पानावर ठेवला आणि पान माझ्या हातात दिलं. स्वच्छ कापसाला भाव चांगला येतो, म्हणूनच. दुपारभर पान घेऊन घरात फिरलो. कुठे ठेवावं ते कळेना.

१६ डिसेंबर
लाकूड आलं! संध्याकाळी मनू आणि दुर्गाबाई पोहोचणार.
नवी सिस्टिम: विहीणबाईंसमोर शेगड्या पेटवल्या तर घर मुळात गार आहे असं दिसेल. त्यापेक्षा आजच सगळ्या खोल्यांत जाळ करून भिंती तापवून ठेवायच्या. मातीची भिंत ऊब धरते. त्या येतील तेव्हा घर आपसूक उबदार! दुपारपासून जाळतो आहे. मैनाबाई धुराने बाहेर जाऊन बसली. होळीच्या आधी होळी, म्हणते.
लाकूड संपलं. भिंतीला हात लावून पाहिला. माणसाच्या अंगासारखी लागली. हात लवकर काढवेना.
त्या अजून आल्या नाहीत.

१७ डिसेंबर
कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. आज संध्याकाळी आल्या. भिंतींनी वाट पाहिली नाही.
दुर्गाबाई दारातच थांबल्या. "इवाईबुवा, धूर तं लय हाय. ऊब कुठी ठेवली?" मग घरभर फिरल्या. "पोरीले निजवता कशावर? सुतळीवर?" त्यांना कापसाचा भाव समजावून सांगितला. म्हणाल्या, "भाव पांघरवता का लेकराले?" बाजारातल्या गोष्टी बायकांना कळत नाहीत.
मनू आईच्या खोलीत गेली. विचारलं, "बाबा, आईची रजई?" विकली म्हटलं, चांगल्या भावाने. नंतर मैनाबाईजवळ म्हणाली, बाळाला त्याच रजईत घेणार होते. ओसरीवर ऐकू आलं.

१९ डिसेंबर
आज मनूला परत नेलं. बाळंतपण अकोल्यालाच. दुर्गाबाईंचं चुकलं असं म्हणता येत नाही. माझी सिस्टिम त्यांना समजली नाही इतकंच.
गाडीत बसताना मनूने माझे हात हातात घेतले आणि दचकली. "किती गार पडले बाबा! तुमीच चला न अकोल्याले. इथी एकले काहून राह्यता?" म्हटलं, कचेरी आहे. रजा शिल्लक आहे हे तिला ठाऊक नाही. घर असं टाकून कसं जाणार?
आजचं जळण: काही नाही. तेल: काही नाही. पहिल्यांदाच पूर्ण बचत.
दार लावून आत आलो आणि सवयीने मोठ्याने म्हटलं, "मनू गेली बरं का."
उत्तराची वाट पाहणं म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. थोडा वेळ पाहिली.